नकाशा पसरला, जोखीम पसरली का?

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन नियम सैल केले. गरीब कुटुंबांना विनातारण कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांना तोवर आपल्या मालमत्तेचा ७५ टक्के भाग अशाच कर्जांत ठेवावा लागे. ती अट ६० टक्क्यांवर आली. स्मॉल फायनान्स बँकांवर शेती, छोटे उद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला ७५ टक्के कर्ज देण्याचे बंधन होते, तेही ६० झाले. सोनेतारण, घरकर्ज, जुन्या ट्रकवरचे कर्ज, दुकानदाराचे कर्ज यांना आता मोकळे रान आहे. या संस्थांच्या सादरीकरणांत ‘विविधीकरण’ हा शब्द आधीही होताच. आता तो पहिल्या पानावर आला आहे.

ज्यांच्या मुदतठेवी अशा बँकेत आहेत, ज्यांनी तिचे शेअर घेतले आहेत किंवा जे गावातल्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर बसतात, त्यांच्यापुढे प्रश्न साधा आहे. बाजार वाढवला, नव्या राज्यात शाखा काढल्या, नवी कर्जे सुरू केली, तर बँकेची तब्येत सुधारते का? गेल्या पंधरा वर्षांत भारतात याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळाले आहे. कुठे सुधारली, कुठे आणखी बिघडली. यातले पुष्कळसे आधीच ओळखता येते, पण त्यासाठी शाखांच्या आकड्यापलीकडे पाहावे लागते.

सुरुवात आंध्रपासून करणे भाग आहे. १५ ऑक्टोबर २०१० रोजी अविभाजित आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्मवित्त कंपन्यांवर अध्यादेश काढला. जबरदस्तीची वसुली आणि कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी राज्य तापले होते. आठवड्याचे हप्ते बंद झाले, वसुलीच्या जागेवर बंधने आली, नेत्यांनी हप्ते भरू नका असे उघड सांगितले. ९९ टक्के वसुली मिरवणाऱ्या कंपन्यांची तिथली वसुली काही आठवड्यांत कोसळली. दोनच महिन्यांपूर्वी ९८५ रुपयांना शेअर विकून भांडवल उभारलेल्या एसकेएस मायक्रोफायनान्सची चौथ्या हिश्शाहून अधिक कर्जे याच राज्यात होती. २०११-१२ मध्ये तिला सुमारे १,३६१ कोटी रुपयांचा तोटा झाला.

तरी एसकेएस तगली. स्पंदना, शेअर, अस्मिता या हैदराबादच्याच कंपन्यांचा आंध्रवरचा भार कितीतरी जास्त होता. त्यांना बँकांच्या दारात कर्ज-पुनर्रचना मागत उभे राहावे लागले. एसकेएसला ओडिशा, कर्नाटक, बिहारमधल्या कर्जांनी श्वास घेऊ दिला. नुकतेच उभे केलेले भांडवलही हाताशी होते, हे मात्र विसरू नये. विविधीकरणाचे गोडवे गाताना भांडवलाचा हा भाग बहुधा गाळला जातो. पुढे या कंपनीने एका राज्यात किती टक्के कर्ज द्यायचे याला वरची मर्यादा घालून घेतली, नाव बदलून ती भारत फायनान्शियल झाली आणि २०१९ मध्ये इंडसइंड बँकेत विलीन झाली.

त्याच संकटाची दुसरी बाजू कमी लोकांना आठवते. आंध्रमध्ये ज्यांचा एक रुपयाही नव्हता, अशा कंपन्याही २०११ मध्ये अडचणीत आल्या, कारण त्या साऱ्या बँकांकडून पैसे उचलून पुढे कर्ज देत होत्या आणि घाबरलेल्या बँकांनी सगळ्यांचाच हात आखडला. कर्जदार वेगवेगळ्या राज्यांत आणि पैसा पुरवणाऱ्या बँका मात्र त्याच मोजक्या. बाजार वाढवण्याचा विचार करताना पैसा कुठून येतो हाही बाजारच धरायला हवा. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या दहा संस्थांना स्मॉल फायनान्स बँकेची तत्त्वतः मान्यता दिली, त्यांतल्या आठ सूक्ष्मवित्तातून आल्या होत्या. त्यांना सर्वांत मोठे आकर्षण होते ते ठेवी घेण्याचे. हजारो ठेवीदार सहसा एका दिवशी घाबरत नाहीत; मोजक्या बँका घाबरू शकतात.

राज्ये वीस, धक्का एक

नोटाबंदीने वेगळा धडा दिला. नोव्हेंबर २०१६ नंतर रोख रक्कम आटली, पण वसुली सगळीकडे सारखी घसरली नाही. उत्तर प्रदेशचा काही भाग आणि आपला विदर्भ जास्त होरपळला. नागपूर-अमरावतीकडे फेब्रुवारी २०१७ च्या स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर बायकांच्या गटांना दिलेले कर्ज माफ होणार अशा अफवा उठल्या आणि हप्ते गोळा करण्याच्या केंद्र बैठकांना बायका येईनाशा झाल्या. हा धोका भौगोलिक होता. ज्यांचा विदर्भातला वाटा मर्यादित होता, ते सावरले.

जनलक्ष्मीचे तसे झाले नाही. बंगळुरूची ही संस्था अनेक राज्यांत पसरलेली होती, पण तिचा ग्राहक बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला: शहरातला, रोखीवर चालणारा छोटा धंदेवाला. रोख आटली तेव्हा राज्य कोणते याला अर्थ उरला नाही. २०१७-१८ मध्ये तिचा तोटा अडीच हजार कोटींच्या घरात गेला. पुढची काही वर्षे तारण घेऊन दिलेल्या कर्जांकडे वळण्यात गेली.

मग २०२४-२५ आले. या वेळी ना अध्यादेशाने सुरुवात झाली, ना रोख आटली. एकाच घरात चार-चार कंपन्यांची कर्जे शिरली होती. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जात होता. उद्योगाच्या संघटनेने एका कर्जदाराला कर्ज देणाऱ्यांची संख्या आधी चारवर, मग तीनवर आणली, एकूण विनातारण कर्जावर दोन लाखांची मर्यादा घातली, आणि नवे कर्ज बंद होताच जुने हप्ते थकू लागले. फ्युजन ही वीसहून अधिक राज्यांत पसरलेली कंपनी. आदल्या वर्षी ५०५ कोटींचा नफा, त्या वर्षी सुमारे १,२२५ कोटींचा तोटा. याच वर्षात क्रेडिटअॅक्सेस ग्रामीण या कंपनीने, जिची बहुतांश कर्जे कर्नाटक, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या तीनच राज्यांत आहेत, ५३१ कोटींचा नफा दाखवला. तिचाही नफा आदल्या वर्षीच्या १,४४६ कोटींवरून घसरलाच होता आणि फेब्रुवारी २०२५ च्या कर्नाटक अध्यादेशाचा फटका तिला बसला, तेव्हा एका वर्षावरून कोणी विजयी ठरत नाही. पण ‘वीस राज्ये म्हणजे सुरक्षित’ हे गणित मात्र तिथे मोडले.

याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. क्रेडिटअॅक्सेसचा विस्तार वर्षानुवर्षे लगतच्या जिल्ह्यांतून पुढे सरकत गेला. सोलापूरला शाखा चालवणाऱ्याला कलबुर्गीची माणसे, पिके, बाजाराचे वार थोडेफार ठाऊक असतात. ज्या राज्याची भाषा येत नाही तिथे एका वर्षात मोठ्या संख्येने शाखा काढल्या, तर कर्ज कोणाला द्यायचे हे तिथला नवखा कर्मचारी ठरवतो, आणि त्याला सर्वांत सोपा ग्राहक तोच वाटतो ज्याला आधीच तीन कंपन्यांनी ‘पास’ केले आहे. बाहेरून आलेल्याच्या वाट्याला उरलेसुरले कर्जदार येतात. अर्थशास्त्रात यावर काम झाले आहे. आचार्य, हसन आणि साँडर्स यांनी १९९३ ते १९९९ या काळातल्या १०५ इटालियन बँकांची कर्जखाती तपासली, तेव्हा विविधीकरणाने परतावा वाढतो किंवा धोका घटतो याची खात्री त्यांना मिळाली नाही. जास्त जोखमीच्या बँकांमध्ये तर परतावा घटला आणि कर्जे अधिक धोकादायक झाली. हा अभ्यास सूक्ष्मवित्ताचा नव्हे, हे खरे. पण जिथे देखरेख करणे अवघड असते तिथे पसरणे महाग पडते हे त्यामागचे तत्त्व गटकर्जाला जरा जास्तच लागू होते.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या बहुतेक स्मॉल फायनान्स बँका दर तिमाहीला राज्यवार आणि प्रकारवार कर्जाची टक्केवारी प्रसिद्ध करतात. ती संकेतस्थळावर, गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात मिळते. तिच्यावरून एक छोटा हिशेब घरबसल्या करता येतो. प्रत्येक राज्याचा वाटा दशांशात लिहायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. अर्थशास्त्रज्ञ या बेरजेला हर्फिंडाल निर्देशांक म्हणतात.

समजा, एका बँकेची चार राज्यांत २५-२५ टक्के कर्जे आहेत. ०.२५ चा वर्ग ०.०६२५, चार वेळा मिळवला की ०.२५, १ भागिले ०.२५ म्हणजे ४. चार राज्ये, आणि खरोखरच चार. दुसरीची ७०, १०, १० आणि १० टक्के. बेरीज ०.५२, उत्तर दोनाहूनही कमी. आता एक ‘वीस राज्यांतली’ बँक घेऊ. एका राज्यात ४० टक्के, उरलेले ६० टक्के एकोणीस राज्यांत सारखे विखुरलेले. उत्तर येते साडेपाच. जाहिरातीतले वीस आणि हिशेबातले साडेपाच यांतला फरक कळला की वार्षिक अहवाल वेगळा दिसू लागतो.

हाच हिशेब कर्जप्रकारांवर लावावा आणि जमल्यास कर्जदारांच्या धंद्यांवरही. तरीही त्यात एक भोक राहते: हा हिशेब प्रत्येक तुकडा स्वतंत्र धरतो. बीड, धाराशिव, लातूर, परभणी आणि हिंगोली हे कागदावर पाच जिल्हे आहेत, पण पावसाने दगा दिला की पाचांची मिळून एकच वसुली थकते. बीडच्या ऊसतोड मजुराचे घर तर दिवाळीच्या सुमारास कुलूपबंद होते आणि कुटुंब उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. अशा गावात साप्ताहिक हप्त्याचे कर्ज वाटणारी बँक कितीही गावांत गेली तरी तिने एकाच हंगामावर पैसे लावलेले असतात. उलट एकाच तालुक्यात दूध, शेळीपालन, आठवडी बाजारातली भाजी, शिवणकाम आणि गिरणी अशा वेगवेगळ्या कमाईची खाती असतील, तर नकाशावर न दिसणारे विविधीकरण तिथे असते. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ पासून चालणारी माणदेशी महिला सहकारी बँक दुष्काळाच्या पट्ट्यात उभी आहे. तिच्या ग्राहकांत शेळ्या पाळणाऱ्या आहेत, तशाच बाजारात बसणाऱ्याही. दुष्काळात तिच्या सोबतीच्या माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालवली होती. जनावर विकले गेले की दुधाचा हप्ता कायमचा थांबतो, हे दुष्काळी भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

नवे कर्ज, जुनी माणसे

प्रदेश वाढवण्यापेक्षा कर्जाचे प्रकार वाढवणे अनेकांना सोपे वाटते. चेन्नईच्या इक्विटासने आंध्रच्या संकटानंतर, २०११ च्या सुमारास, जुन्या मालवाहू गाड्यांवर कर्ज द्यायला सुरुवात केली, घरकर्जही आणले. आरंभी शंभर टक्के गटकर्ज देणाऱ्या या संस्थेत दशकभरानंतर त्याचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास राहिला. बंगळुरूची उज्जीवन बँकही तारणकर्जांकडे सरकत गेली आहे. या दोघींच्या वाटचालीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे लागलेला वेळ. गाडीचे मोल करणारा माणूस वेगळा, घराची कागदपत्रे तपासणारा वेगळा. केंद्र बैठकीत पन्नास बायकांची हजेरी घेणारा कर्मचारी सात-बारा वाचू शकेलच असे नाही.

ज्यांना घाई असते ते विलीनीकरण करतात. सूक्ष्मवित्तातून आलेल्या बंधन बँकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्रुह फायनान्स ही परवडणाऱ्या घरांना कर्ज देणारी अहमदाबादची कंपनी सामावून घेतली. प्रवर्तकांचा हिस्सा कमी करण्याचे नियामकाचे बंधन हे त्यामागचे मोठे कारण होते, पण कर्जखात्यालाही फायदा झाला. बंधनचा पाया पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये, ग्रुहचा गुजरात आणि महाराष्ट्रात. एका फटक्यात प्रदेशही बदलला आणि प्रकारही. तरी जुना भार एकदम हलत नसतो. डिसेंबर २०२० मध्ये आसामने सूक्ष्मवित्तावर कायदा केला, निवडणुकीत कर्जमाफीची आश्वासने आली, वर कोविडची लाट. जुलै ते सप्टेंबर २०२१ या एका तिमाहीत बंधनला सुमारे ३,००९ कोटींचा तोटा झाला. विविधीकरणाची घोषणा आणि त्याचा परिणाम यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर धरून चालावे, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

कामगिरीचा आकडाही मधल्या काळात खाली जातो, आणि हे गुंतवणूकदाराला आधी माहीत असलेले बरे. गटकर्जावर व्याज जास्त मिळते, तारणकर्जावर कमी. तारणाचा वाटा वाढला की चांगल्या वर्षात नफ्याची टक्केवारी घटलेली दिसते. हा विम्याचा हप्ता आहे. वाईट वर्ष आले नाही तर तो वाया गेल्यासारखा वाटतो. म्हणून एका वर्षाचा मालमत्तेवरील परतावा पाहून विविधीकरण फसले किंवा यशस्वी झाले, असे ठरवू नये. नोटाबंदी, कोविड आणि २०२४-२५ ही तीन वाईट वर्षे शेजारी मांडावीत आणि प्रत्येक वेळी तोटा भांडवलाच्या किती टक्के होता ते पाहावे. थकीत कर्जाची टक्केवारी पाहताना त्या वर्षी किती कर्ज निर्लेखित केले, म्हणजे पुस्तकातून काढून टाकले, हेही त्यात मिळवावे. नाहीतर झाडून सतरंजीखाली सरकवलेली थकबाकी स्वच्छतेत मोजली जाते.

तारणाचे मोठे कर्ज म्हणजे सुरक्षित, हाही समज तपासून घ्यावा. इंडोनेशियात १९९७-९८ च्या आर्थिक संकटात मोठ्या उद्योगांना दिलेली कर्जे धडाधड बुडाली. त्याच वेळी बँक राक्यात इंडोनेशियाच्या गावोगावच्या छोट्या केंद्रांमधली सूक्ष्मकर्जे मात्र सुमारे ९७-९८ टक्के परत येत होती, आणि तिथल्या ठेवीही वाढल्या. ज्या सरकारी बँकेला तिच्या मोठ्या ग्राहकांनी बुडवायला घेतले होते, तिला लहान ग्राहकांनी धरून ठेवले. मोठ्या कर्जांकडे वळणाऱ्या प्रत्येक सूक्ष्मवित्त बँकेच्या संचालकांनी हे प्रकरण एकदा वाचायला हवे.

पतसंस्थेच्या टेबलावर

महाराष्ट्रातल्या पतसंस्थेला वीस राज्यांचा मोह नसतो. तिचे कार्यक्षेत्र उपविधीत लिहिलेले असते, ते वाढवायचे तर निबंधकांची मंजुरी लागते. कर्जही सभासदांनाच. त्यामुळे तिथले विविधीकरण कार्यक्षेत्राच्या आतले असते, आणि बरेचदा तेच जास्त उपयोगी. सोनेतारण हा पहिला पर्याय सगळ्यांच्या ओठावर असतो. विदर्भ-मराठवाड्यात त्याहून विचार करण्याजोगा आहे तो शेतमाल तारणाचा. बुलडाणा अर्बन या पतसंस्थेने गोदामे उभारून, ठेवलेल्या मालावर कर्ज देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. काढणीच्या वेळी भाव पडलेले असताना सोयाबीन विकावे लागत नाही, आणि संस्थेला हप्ता पगारातून किंवा गटातून न येता मालाच्या विक्रीतून येतो. परतफेडीचा हा वेगळा झरा आहे. भाव वर आलेच नाहीत तर मात्र तारणाची किंमतही उतरते, म्हणून मालाच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचे ही मर्यादा सैल सोडता येत नाही.

नवे काही सुरू करण्याआधी संचालक मंडळाने तीन वर्षांची थकबाकी गावनिहाय न मांडता कमाईच्या साधनानुसार मांडून पाहावी: दूधवाले किती, रोजंदारीवाले किती, पगारदार किती, हंगामी स्थलांतर करणारे किती. अनेक संस्थांकडे ही माहिती कर्ज अर्जात असते, पण संगणकात भरलेली नसते. मग एका धंद्यावर, एका कारखान्याच्या पगारावर किंवा एका पाटाच्या पाण्यावर किती टक्के कर्ज उभे आहे ते दिसेल. त्याला मंडळाने ठराव करून मर्यादा घालावी, आणि नव्या कर्जप्रकाराला पहिली दोन वर्षे एकूण कर्जाच्या लहान वाट्यापलीकडे जाऊ देऊ नये. वसुलीच्या माणसाला नव्या कर्जाचे उद्दिष्ट देऊ नये, हेही इथेच सांगायला हवे; ते केले की दोन्ही कामे बिघडतात.

सभासदांना प्रश्न विचारण्याची सोयीची वेळ ठरलेली आहे: वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. लाभांश किती, एवढ्यावर सभा संपण्याआधी एक प्रश्न लेखी द्यावा. सर्वांत मोठ्या एका धंद्यावर अवलंबून असलेली कर्जे एकूण कर्जाच्या किती टक्के आणि गेल्या तीन वर्षांत त्यातली थकबाकी किती?

ठेवीदाराने याहून आधी एक गोष्ट पडताळावी. स्मॉल फायनान्स बँका जास्त व्याज देतात, आणि त्यांतल्या ठेवींना दर ठेवीदाराला दर बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. सूक्ष्मवित्त कंपनीला तर ठेवी घेण्याचीच परवानगी नसते. गटाच्या बैठकीत कर्जाबरोबर ‘बचत’ म्हणून कंपनीच्या नावाने पैसे मागितले जात असतील, तर ते देऊ नयेत आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार करावी.